जायफळाची नर झाडं तोडायची की त्यांच्यावरच मादीचं कलम बांधायचं?

माडबाग_राजापूर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माडाची बाग, अंतर साडेसात मीटर, चार माडांच्या मधोमध एक याप्रमाणे जायफळाची २४ झाडं. सगळी बियांची, वय दहा वर्षं. दोन हंगाम फुलं बघून खोडावर रंगाच्या खुणा केल्या आहेत : १३ नर, ११ मादी. पाटाचं पाणी मेअखेरपर्यंत मिळतं. जमीन तांबडी, जांभ्याची, निचरा चांगला. फक्त खालच्या अंगाला पऱ्ह्याला (ओहोळाला) लागून चारेक गुंठ्यांची पट्टी पावसाळाभर पाणथळ असते.

विचारायचं आहे ते असं :

१. १३ नरांतले किती ठेवायचे? बाकीचे मुळासकट काढून नवी कलमं लावावीत, की आहे त्याच खोडावर मादीचं कलम होतं?

२. कलमकाडी कुठल्या फांदीची घ्यायची? बाजूच्या फांदीची काडी लावली तर झाड उंच जात नाही असं ऐकलं आहे.

३. पाणथळ पट्टीसाठी रामपत्रीच्या (जायफळाच्या रानटी भावंडाच्या) खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, जायफळ बांधलं तर टिकेल का? बांधाला रामपत्रीचं एक जुनं झाड आहे, खाली रोपं पडतात.

४. जायपत्री (बीवरचं लाल जाळीदार आवरण) पावसात काळी पडते, कधी बुरशी धरते. आणि जूनच्या पहिल्या पावसात बरीच कच्ची फळं तडकून गळतात. उपाय?

कोयकलम

माडबागवाले दादा, मुळासकट काहीही काढू नका. दहा वर्षांचं मूळ जमिनीत बसलेलं आहे, ते फुकट घालवून पुन्हा वीतभर रोपापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. नर झाडाचं डोकं बदलायचं.

आधी खुणा पक्क्या आहेत ना बघा. नराची फुलं झुपक्याने येतात, बारीक, लांबट. उघडून पाहिलं तर मधे पुंकेसरांचा एकच जुळलेला दांडा दिसतो. मादीचं फूल एकेकटं, फार तर दोन-तीन. बुडाशी फुगीर, आणि आत अंडाशयावर दोन ओठांसारखी कुक्षी. काही झाडं नर म्हणून फुलतात आणि वर थोडी फळंही धरतात. अशा झाडाला हात लावण्याआधी आणखी एक हंगाम द्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण संयुक्ता’ ही जात तर दोन्ही फुलं एकाच झाडावर येणारी म्हणूनच निवडलेली आहे.

दहा माद्यांना एक नर पुरतो. तुमची बाग पूर्ण झाल्यावर २२ माद्या आणि २ नर हे प्रमाण ठीक आहे. नर ठेवताना वाऱ्याच्या दिशेचा विचार करू नका, जायफळाचा पराग वारा वाहून नेत नाही. मुंगीसारखे दिसणारे बारीक भुंगेरे हे काम करतात, तेही मुख्यतः संध्याकाळनंतर. म्हणून दोन नर बागेत लांब-लांब ठेवा, एका कोपऱ्यात दोन्ही नकोत. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका.

खोडावरचं कलम असं करा.

पहिल्या वर्षी ११ पैकी ५-६ झाडंच घ्या. एकदम सगळी छाटली तर बागेतली सावली आणि पराग दोन्ही एकाच वर्षी कमी होतात. फेब्रुवारीअखेर खोड जमिनीपासून सव्वा मीटरवर करवतीने तिरकं कापायचं, पाणी साचू नये म्हणून. कापाच्या खाली एक जिवंत फांदी राहू द्या. ती रस ओढत राहते, नाहीतर खोड वरून सुकत खाली येतं. जायफळ कापलं की लालसर पाणीदार चीक येतो. तो थांबला की पुसून बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. उघडं पडलेलं खोड उन्हाने भाजतं, त्याला चुन्याचा हात द्या.

दोन-तीन महिन्यांत खोडावर फुटवे येतात. त्यातले चार बाजूंचे चार जोमदार ठेवून बाकी काढून टाका. फुटवा पेन्सिलीएवढा जाड झाला आणि हिरवेपणा जाऊन तपकिरी छटा यायला लागली की तो कलमाच्या लायक. आपल्याकडे हे ऑगस्ट-सप्टेंबरात जमतं. पावसाचा जोर ओसरलेला, हवेत दमटपणा भरपूर. मुसळधार पावसात बांधू नका, पट्टीखाली पाणी गेलं की जोड काळा पडतो.

काडी फुटव्याच्याच जाडीची, दोन-तीन पानांची. पानं अर्धी कापा. खुंटात उभी चीर ४ ते ५ सेंटीमीटर, काडीला तेवढीच पाचर. इथे बहुतेकांचं चुकतं ते चिकामुळे : कापल्याबरोबर जोडलं तर मधे चिकाचा थर राहतो आणि दोन साली एकमेकींना भिडतच नाहीत. खुंटाचा चीक स्वच्छ सुती फडक्याने टिपा, मग काडी बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधा, वरून पिशवीची टोपी घाला. महिन्याभराने कोंब दिसला की टोपी आधी खालून सैल करा, आठवड्याने काढा. पट्टी मात्र तीन महिने ठेवा. चारपैकी दोन कलमं लागली तरी झाड तुमचं झालं. खालची जुनी नर फांदी लगेच कापू नका, नवं डोकं मीटरभर वाढल्यावर काढा.

पहिली फळं यायला तीन-चार वर्षं धरून चाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. जायफळाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. शेंड्याची आणि खोडावरून सरळ वर जाणारी उभी, आणि बाजूला पसरणारी आडवी. काडी ज्या फांदीची, कलम तसंच वाढतं; आडव्या काडीचं झाड पुढेही आडवंच जातं. ते फळ देतं, वांझ राहत नाही. पण तुमचं कलम सव्वा मीटरवर असणार. तिथून आडवी छत्री पसरली की बागेत फिरणं, पाट काढणं, माड उतरवणं सगळंच अडचणीचं, फांद्यांना टेकू द्यावे लागतात आणि खालच्या फळांवर पावसात चिखल उडतो. तुमच्या कामाला उभीच काडी घ्या.

माडबाग_राजापूर

फार उपयोगी उत्तर. पण उभी फांदी झाडावर ओळखायची कशी? मादी झाडांवर वर जाणाऱ्या फांद्याही शेवटी आडव्याच वळलेल्या दिसतात. आणि शेंडा एकच, त्यावरून पंचवीस-तीस काड्या कशा मिळणार?

कोयकलम

फांदीची दिशा बघू नका, पानं बघा. आडव्या फांदीवर पानं दोन रांगांत असतात, एक डावीकडे एक उजवीकडे, फांदी हातात धरली तर सपाट दिसते. उभ्या फांदीवर पानं गोल फिरत सगळ्या बाजूंना लागतात. आडवी फांदी उजेडाकडे वळून वर गेली तरी पानांच्या दोन रांगा बदलत नाहीत. हे एकदा नजरेत बसलं की लांबूनही कळतं.

काड्या तयार कराव्या लागतात. तुमच्या ११ माद्यांतल्या सगळ्यांत चांगल्या दोन निवडा : फळ मोठं, जायपत्री जाड आणि बी पूर्ण झाकणारी, दरवर्षी धरणारी. त्यांचा शेंडा फेब्रुवारीतच हातभर छाटा. कापाखालून आणि खोडावरून उभे फुटवे येतात, ऑगस्टपर्यंत काडीलायक होतात. दोनच झाडांवर भागलं नाही तर तिसरं घ्या, पण निवडीत तडजोड नको. ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’, ‘कोकण श्रीमंती’ यांपैकी एखाद्या जातीच्या काड्या खात्रीच्या रोपवाटिकेतून मिळत असतील तर दोन-तीन झाडांवर त्याही बांधा. काडी कापल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी वापरायची.

रान_दोडामार्ग

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

रामपत्री म्हणजे मिरिस्टिका मलबारिका. जायफळ मिरिस्टिका फ्रॅग्रन्स. वंश एकच, त्यामुळे रामपत्रीच्या रोपावर जायफळाचं कोयकलम (बी रुजून आलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेलं कलम) जुळतं. दक्षिणेतल्या मिरिस्टिका बेडोमी या रानजायफळाचाही खुंट वापरतात. एकाच कुळातली झाडं म्हणून काहीही कशावरही बांधता येईल असं नाही हे लक्षात ठेवा. नेमा किंवा जिम्नाक्रँथेरा हे वंश वेगळे, त्यांच्या नादी लागू नका.

पण तुमचा हेतू पाणथळ पट्टीचा आहे, आणि तिथे रामपत्री हे उत्तर नव्हे. पाण्यात उभी राहणारी सह्याद्रीतली या कुळातली झाडं मुख्यतः दोन : मिरिस्टिका मॅग्निफिका, जिला खोडाच्या बुडातून आधारमुळं फुटतात, आणि जिम्नाक्रँथेरा कॅनरिका, जिची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. तुंबलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, त्यावर या झाडांनी काढलेला हा मार्ग. रामपत्री ओलसर, सावलीच्या रानात राहते, ओढ्याकाठी दिसते, पण पावसाळाभर पाणी तुंबलेल्या जागेवर भरवसा ठेवावा असं ते झाड नाही. जायफळ तर नाहीच नाही. त्याचं मूळ घर बांदा बेटं, ज्वालामुखीच्या भुसभुशीत जमिनीवर, उंच कनारी वृक्षांच्या सावलीत. सावली आणि ओलावा हवा, तुंबलेलं पाणी नको, हे तिथूनच ठरलेलं आहे. माडाखाली ते खूश असतं त्याचंही कारण हेच.

मग मॅग्निफिकाचा खुंट का नको? ती जात धोक्यात आहे. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथल्या देवराईत तिची पाणथळ राई आहे. राज्य सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलेली आहे. गोव्यात सत्तरीत बांबर इथे निरंकाराच्या राईतही अशी पाणथळ शिल्लक आहे. दोन्ही ठिकाणी राई टिकली ती देवामुळे, कोणी कुऱ्हाड लावली नाही म्हणून. तिथलं बी, रोप, काहीही आणायचं नाही. एवढ्याशा राईत दरवर्षी जमिनीवर पडणारं प्रत्येक बी मोजकं असतं, आणि ते ताजं असेपर्यंतच रुजतं. वाळलं की संपलं.

पट्टीसाठी साधा इलाज करा. पऱ्ह्याच्या दिशेने अडीच-तीन फूट खोल चर काढा, दर दोन ओळींमागे एक. पट्टीत जायफळ न लावता पाणी सोसणारं काहीतरी ठेवा. आमच्याकडे अशा जागी अळू आणि थोडा केवडा असतो. जायफळ लावायचंच असेल तर चर काढल्यावर दोन पावसाळे पाणी कसं उतरतं ते बघून, दोन-अडीच फूट उंच गादीवर.

बांधावरच्या रामपत्रीला मात्र जपा. झाडाखालची रोपं उचलून पिशवीत घेऊन खुंट म्हणून वापरायला हरकत नाही, झाड तुमच्या जागेतलं आहे. पण सगळी फळं उतरवू नका. धनेश आणि मोठी रानकबुतरं जायपत्रीसकट बी गिळतात आणि लांब नेऊन टाकतात. ही झाडं रानात पसरतात ती त्यांच्याच जिवावर. रानातली रामपत्री फळं पिकायच्या आधीच ओरबाडली जाते, फांद्या तोडून. व्यापाऱ्याला माल मिळतो आणि झाडाखाली पुढची पिढी उगवत नाही.

खुंट ओळखताना गफलत नको. रामपत्रीचं फळ लांबट, वरून तांबूस लव असलेलं. जायफळाचं गोलसर, पिवळं, गुळगुळीत.

सुकवणी_गुहागर

चौथ्या प्रश्नातला पहिला भाग.

आपला मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमका पावसात. फळ झाडावर तडकतं, बी खाली पडतं, ओल्या पातेऱ्यात (पडलेल्या पाल्यात) रात्र काढतं. बुरशी तिथूनच लागते, सुकवताना नव्हे. आणि ही बुरशी नुसती काळी दिसते एवढंच नाही. ॲस्परजिलस या बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते धुऊन किंवा वाळवून जात नाही. युरोपात जायफळाला मर्यादा आहे ती किलोला बी-१ या त्याच्या प्रकारासाठी ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण १० मायक्रोग्रॅम. त्यामुळे जमिनीवर पडलेला माल आणि झाडावरून काढलेला माल कधीही एकत्र करू नका. निर्यातीला देणार नसलात तरी नाही.

फळाला चीर पडून आतला लाल रंग दिसला की झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवा. भर पावसात रोज फेरी हवी. ज्या झाडांवर रोज पोहोचता येत नाही त्यांच्याखाली जुनं मासेमारीचं जाळं फूटभर उंच ताणून बांधा. बी मातीला लागत नाही, पाणी गळून जातं.

जायपत्री त्याच दिवशी सोडवा. बुडाकडून नखाने सैल करत टोकाकडे न्या, म्हणजे फुलासारखी अख्खी निघते. तुकडे झाले की भाव पडतो. मग गरम पाणी : ७५ अंश सेल्सिअस, दोन मिनिटं. थर्मामीटर वापरा, उकळतं पाणी नको, त्याने वास उडतो. या गरम पाण्याने रंग टिकतो आणि वरची बुरशीही मरते. चाळणीत निथळवून, हाताने दाबून सपाट करून ड्रायरमध्ये ५० अंशांच्या आसपास. एकच थर. दुमडली आणि कट्‌कन मोडली की झाली. वाकत असेल तर अजून ओल आहे. काळी पडण्याचं मुख्य कारण हेच असतं : आदल्या दिवशीची ओली जायपत्री ढिगाने ठेवली जाते, ढीग आतून गरम होतो.

चुलीवरच्या माळ्यावर वाळवणारे आहेत. धुराचा वास जायपत्रीला कायमचा बसतो, मसालेवाला लगेच ओळखतो. लाकडाचाच ड्रायर असेल तर धूर नळीतून बाहेर जाणारा आणि माळ्याला फक्त गरम हवा लागणारा हवा.

जायफळ टरफलासकट वाळवा, पण तापमान ४० ते ४५ अंश, त्याच्या वर नको. जायफळात चरबी भरपूर, जास्त उष्णतेने ती वितळून टरफलाला चिकटते आणि फोडल्यावर बी तेलकट, काळपट दिसतं. तास मोजू नका. मूठभर घेऊन कानाशी हलवा, बी आत खुळखुळलं की वाळलं. विक्रीपर्यंत टरफल फोडू नका, फोडलेल्या जायफळाला भुंगा लवकर लागतो. जायपत्री काळ्या पिशवीत किंवा डब्यात, उजेडात रंग उतरतो.

एका फळामागे सुकी जायपत्री एक ते दोन ग्रॅमच मिळते. म्हणून दर दिवसाची हयगय थेट खिशाला लागते.

आणि साली टाकू नका. फळाच्या वजनात सर्वांत मोठा वाटा सालीचाच. लोणचं, मुरंबा, सरबत सगळं होतं. चिरल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर तपकिरी होते आणि तुरटपणाही राहतो.

रामपत्रीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो : ती मसाल्यात स्वतंत्र जिन्नस म्हणून चालते, पण जायपत्रीत मिसळून विकणं ही फसवणूक आहे. रामपत्रीच्या पाकळ्या अरुंद, टोकाला दोऱ्यांसारख्या गुंतलेल्या, रंग गडद तांबूस, वास जवळपास नाहीच. जायपत्रीच्या पट्ट्या रुंद, आणि चुरल्या की वास हातभर लांब येतो. तुमच्या बांधावर रामपत्री आहे, तेव्हा दोन्हीच्या चाळण्या वेगळ्या ठेवा.

खत_पाणी

कच्ची फळं तडकण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय पाणी मेअखेरपर्यंत मिळतं. मग बघा, शेवटच्या पंधरवड्यात पाळ्या लांबतात का? पाट आटत आला की दहा-दहा दिवस झाड कोरडं राहतं, फळाची साल ताठ होते, आणि पहिल्या मोठ्या पावसात आतला भाग एकदम फुगतो. साल ताणली जात नाही, फाटते. उपाय म्हणजे पाणी थोडं पण नियमित, आणि आळ्यात झावळ्यांचं किंवा पातेऱ्याचं अर्धा फूट आच्छादन. खोडाला मात्र चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

तडकलेल्या फळावर देठाजवळ पाणीदार तपकिरी डाग असेल तर ती फळकूज, पाण्याचं गणित नव्हे. मेअखेर, पावसाआधी, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा : १ किलो मोरचूद ५० लिटरमध्ये, १ किलो चुना ५० लिटरमध्ये, प्लास्टिकच्या पिंपात, दोन्ही एकत्र ओता. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. घासलेला विळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, पानं जळतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. त्याच दिवशी संपवा. दुसरी फवारणी पावसाच्या उघडिपीत. कुजलेली फळं आणि वाळक्या फांद्या गोळा करून बागेबाहेर न्या.

खत : पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला शेणखत ५० किलो, नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद २५० ग्रॅम, पालाश १ किलो. म्हणजे युरिया साधारण १ किलो १०० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो ५५० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश १ किलो ६५० ग्रॅम. दोन हप्ते करा, पाऊस स्थिरावल्यावर आणि पाऊस संपताना. खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली चर काढून. माडाचं खत वेगळं, जायफळाचं त्यात धरू नका. आणि छाटलेल्या झाडांना त्या वर्षी नत्र निम्मं द्या. पूर्ण दिलंत तर फुटवे लांब, लुसलुशीत येतात, काडीच्या जाडीला ते जुळत नाहीत आणि बांधताना मोडतात.

माडबाग_राजापूर

ठरलं. फेब्रुवारीत सहा नर छाटतो, दोन माद्यांचे शेंडेही त्याच आठवड्यात. पट्टीत आधी चर. एकच शंका उरली : ठेवायच्या दोन नरांतला एक पट्टीच्या अगदी कडेला आहे, त्याचा शेंडा दरवर्षी वाळतो.

कोयकलम

मग तो ठेवू नका. शेंडा वाळतोय म्हणजे मूळ आधीच पाण्याने दुखावलंय. वरच्या अंगाचा दुसरा निरोगी नर राखा. कडेच्या नरावर कलमही बांधू नका, दुखऱ्या मुळावरचं कलम पहिल्याच पावसाळ्यात जातं. चर काढल्यावर दोन वर्षांत त्याने हिरवा शेंडा धरला तर त्याचा विचार तेव्हा.